मेंढरांच्या वाटेवरचा सुटलेला मुक्काम

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातलं माझं पहिलं बिऱ्हाड मोडलं ते दह्यावरून. आम्ही तिघी मराठी मुली एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी विरजणापुरतं वाटीभर दही फ्रीजमध्ये ठेवलं होतं, ते नागपूरच्या मुलीनं कढीत घातलं. त्या गावात तेव्हा देशी सामान मिळायचं नाही. ते विरजण पिट्सबर्गच्या एका काकूंकडून आणलेलं, चार महिने जिवापाड जपलेलं. "यार, दहीच तर आहे, इतकं काय!" असं ती म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. मी तापट आहेच. आजही आहे, तेव्हा तर तरुणही होते. तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आठवड्याच्या आत मी दोन बॅगा आणि प्रेशर कुकर घेऊन बाहेर पडले.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी भूगोल विभागात नकाशांवर पीएचडी करत होते आणि उरलेल्या वेळात विद्यापीठाच्या नकाशाघरात ड्यूटी करायचे. खोली मिळाली ती बसच्या शेवटच्या स्टॉपजवळ. घरमालक ऐंशीच्या घरातले इटालियन गृहस्थ, जन्मभर चुनखडीच्या खाणीत राबलेले. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी ओहायोत. वरची खोली माझी, स्वयंपाकघर दोघांत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काय काय खात नाहीस?" मी म्हटलं, मांस, मासे, अंडं. त्यांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "म्हणजे कडधान्य, चीज, भाजी आणि पीठ. आम्ही गरीब होतो तेव्हा हेच खायचो. जमेल."

मी त्यांना आजोबा म्हणायला लागले. अर्थ सांगितल्यावर त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि मान डोलावली. ते मला 'मुली' म्हणायचे, त्यांच्या भाषेतून. आमचं बाकीचं बोलणं इंग्रजीत, त्यांचंही मोडकं आणि माझंही.

रविवारी सकाळी ते पीठ मळायचे. शेंगदाण्याएवढा गोळा घ्यायचा, दोन बोटांनी दाबून आपल्याकडे ओढायचा की तो आत वळायचा. पावट्यासारख्या कसल्याशा शेंगांच्या दाण्यांबरोबर ते शिजवायचे. मी पहिला घास घेतला आणि मला रडूच आलं. आमच्या दहिवडीला आई हुलग्याची शेंगोळी करते, तीच चव नव्हती, पण तोच जाडपणा, तेच पोटात जाऊन बसणं. "तिखट कमी आहे," मी डोळे पुसत म्हटलं. त्यांनी लाल मिरचीची बरणी पुढे सरकवली. तळघरात त्यांची चीजं टांगलेली असायची, दुधी भोपळ्याच्या आकाराची, दोन-दोन एका दोरीने बांधून काठीच्या दोन्ही बाजूंना सोडलेली.

"तुम्ही इटलीत कुठले?" मी विचारलं होतं.

"मोलीझे."

मला माहीत नव्हतं. नकाशांवर पीएचडी करणारी बाई मी, आणि मला माहीत नव्हतं! रोम? नाही. नेपल्स? नाही. "नेपल्सच्या वर, डोंगरात. तिथे कुणी येत नाही. लढाईच्या वेळी सैन्य आलं होतं म्हणतात, तेही दुसरीकडे जायला." दुसऱ्या दिवशी नकाशाघरात गेले आणि जुना ॲटलस काढला. त्यात त्यांचा प्रांत शेजारच्या मोठ्या प्रांताच्या नावाला जोडून छापलेला होता. पुढे तो वेगळा झाला, पण तोवर आजोबा अमेरिकेत म्हातारे व्हायला लागले होते. बहिणीच्या पत्रातून त्यांना ते कळलं.

त्यांच्या तोंडून मी तो प्रदेश इतका ऐकला की अजून डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर एक गाव, खाली ओकचं रान, पावसात घसरणारी मातीची उतरण, मे महिन्यात सगळीकडे फुललेली पिवळी झुडपं. जवळच्याच एका गावात देवळांच्या घंटा ओतायचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. धुक्यात वाट चुकली तर घंटेच्या आवाजावरून कुठल्या गावाजवळ आहोत ते कळायचं, असं ते सांगायचे. आणि या सगळ्यातून जाणारा गवताचा रस्ता.

हा रस्ता मेंढरांचा. आजोबांचं घराणं मेंढपाळांचं. थंडी पडायच्या आधी, सप्टेंबर सरताना, डोंगरातले कळप खाली दक्षिणेच्या मैदानात निघायचे आणि मे-जूनमध्ये परत यायचे. दहा दिवसांची चाल. मी म्हटलं, "आमच्याकडचे धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात." आजोबा खुर्चीतून उठलेच. "तुमच्यात मेंढपाळ आहेत? मग त्यांचा रस्ता किती रुंद?"

"त्यांना कुठला रस्ता! कुणाच्याही शेतातनं जातात. उलट शेतकरीच बोलावतो, रात्रभर मेंढरं बसवा म्हणून. लेंड्यांचं खत होतं ना."

"आणि भांडणं?"

"होतात की! मग माझ्या वडिलांना बोलावतात." माझे वडील मोजणी खात्यात होते. साखळी घेऊन शेतांच्या हद्दी मोजायचे. नकाशाचं वेड मला त्यांच्याकडूनच आलं.

आजोबांना हे फारच आवडलं. शेतकऱ्याशी भांडण न करता मेंढरं शेतात बसतात, हे त्यांनी मला चार वेळा तरी परत सांगायला लावलं. मग हळूच म्हणाले, "माझी बहीण लिहिते, आता मेंढरं ट्रकमधून नेतात. आमचा रस्ता लोक नांगरायला लागलेत. तू नकाशे काढतेस. माझा रस्ता काढशील?"

अशा माणसाला नाही कोण म्हणणार? नकाशाघरात लढाईच्या काळातले इटलीचे लष्करी नकाशे होते. त्यांच्या प्रती काढून मी घरी आणल्या, त्यावर पारदर्शक फिल्म अंथरली आणि दर रविवारी जेवणानंतर आम्ही कामाला बसायला लागलो. ते सांगायचे, मी काढायचे. इथे झरा. इथे चर्चची पायरी, पाऊस आला तर तिच्यावर बसायचं. इथल्या बाईचा कुत्रा चावरा. मी हसले की म्हणायचे, "लिही! कुत्रा लिही." मी लिहिला.

पहिला नकाशा झाला आणि मी मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, पाहिला आणि माझ्याकडे पाठ केली. "हा कुणाचा रस्ता?"

"तुमचाच."

"माझा नाही. हा दोरा आहे. मेंढरं काय दोरीवर चालतात?"

मीही भडकले. आमच्या विषयात रस्ता म्हणजे रेघ, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. पण ते ऐकेनात. मला हाताला धरून बाहेर नेलं आणि शेजाऱ्यांच्या घरापासून रस्त्यापलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पावलं टाकत चालले. एवढा रुंद! शंभर मीटरच्या वर, सगळं गवत, कडेला खुणेचे दगड. राजाच्या काळापासून त्याच्यात नांगर घालायला बंदी. मी आत येऊन हिशेब केला. त्या नकाशावर ती रुंदी एक मिलिमीटरहून जराशी जास्त भरत होती. मग सगळं खोडलं आणि एका रेघेच्या जागी दोन बारीक रेघा काढल्या, मधे गवताला जागा ठेवून. आजोबांनी बोटानं ती पट्टी चाचपली आणि म्हणाले, "आता मेंढरू मावेल." चूक माझीच होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजणाऱ्या माणसाची मुलगी, आणि आधी रुंदी विचारायचं सुचलं नाही मला.

खरी अडचण पुढे आली. दोरा लावून मी दर मुक्कामाचं अंतर मोजलं. सगळीकडे साधारण पंधरा किलोमीटर. फक्त चौथ्या मुक्कामापासून पुढचा मुक्काम एकदम तीसवर. "मधे एक मुक्काम राहिलाय," मी म्हटलं.

"नाही. तिथे आम्ही जास्त चालायचो."

"माणसं चालतील, मेंढरं कशी चालतील?"

"तेव्हा आम्ही तरुण होतो."

"मेंढरंसुद्धा?"

ते उठून तळघरात गेले. पुढच्या रविवारी मी पुन्हा विचारलं, तेव्हा टेबलावर हात आपटून म्हणाले, "नाही म्हणजे नाही!" मी काय कमी आहे? मी फिल्म गुंडाळून वर गेले. पुढचा आठवडाभर आम्ही एकाच स्वयंपाकघरात एकमेकांशी न बोलता जेवलो.

त्याच सुमारास घरून एरोग्राम आला. माझा डिफेन्स, म्हणजे पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा, तीन आठवड्यांवर होता. थिसीस टाइप होऊन आलेला, तारीख ठरलेली, परीक्षकांपैकी एकजण नंतर वर्षभर परदेशी जाणार. महिन्यापूर्वी बाबांना 'जरा बरं नव्हतं' असं आईनं कळवलं होतं. मी दहिवडीच्या आमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर तीनदा ट्रंक कॉल लावला. तिन्ही वेळा दादा म्हणाला, "ठीक आहेत गं, आत्ता झोपलेत." मीही म्हटलं, झोपू देत. मला तेच ऐकायचं होतं.

शनिवारची दुपार होती. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच पत्र फोडलं. आठवड्याचा अबोला विसरून आजोबांनी विचारलं, "घरून? वडील कसे आहेत?"

मी वाचून इंग्रजीत सांगितलं. बाबांची प्रकृती आता सुधारते आहे. काळजी नसावी. परीक्षा पार पाडूनच ये. बाबांचे अनेक आशीर्वाद.

"आशीर्वाद कुणी लिहिलेत?"

"आईनं."

"वडील लिहीत नाहीत?"

"नेहमी खाली दोन ओळी लिहितात. या वेळी नाहीत."

"का?"

"झोपले असतील."

त्यांनी शेगडी बंद केली आणि माझ्यासमोर बसले. "तू जा," म्हणाले.

मी म्हटलं, अहो, परीक्षा आहे. त्यांनीच सांगितलंय, करूनच ये म्हणून. सुधारतंय असं स्वच्छ लिहिलंय.

"चौथ्या मुक्कामानंतर एक मुक्काम आहे," आजोबा म्हणाले. "तू बरोबर मोजलंस."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं वय सोळा. त्या मुक्कामावर एक छोटं देऊळ, शेजारी विहीर. तिथे त्यांच्या वडिलांना ताप भरला. रस्त्याचा कायदा असा की कळपानं एका जागी एकच रात्र काढायची, कारण मागून दुसरा कळप येत असतो आणि गवत सगळ्यांचं. सकाळी वडील म्हणाले, मला बरं आहे, तू हो पुढे, मेंढरं थांबत नाहीत. "मला दिसत होतं, बरं नाही म्हणून. त्यांचे ओठ काळे पडले होते. काका बरोबर होते, ते कळप नेऊ शकत होते. पण कळपाचा म्होरका मेंढा माझ्या मागून चालायचा, त्याची मला ऐट होती. आणि वडिलांनी स्वतः सांगितलं होतं, जा. म्हणून मी गेलो." मैदानात पोहोचून ते उलट्या पावली परत आले, तेव्हा पाद्रीनं त्यांना वडिलांना पुरलेल्या जागेवरचा मातीचा ढीग दाखवला. दोन वर्षांनी ते अमेरिकेला निघाले. "मेंढरं सगळी पोहोचली. एकसुद्धा हरवलं नाही. त्याचं मी काय करू, सांग?"

आता खरं सांगते. हे ऐकून मी विरघळले नाही. मी चिडले. तुमच्या वडिलांचं तुमच्यापाशी, म्हटलं, माझ्या आईचं पत्र तुम्हाला वाचता येतं का? मराठी येतं? मग कशाला माझ्या घरात मरण घुसवता? असं बोलले मी, ऐंशी वर्षांच्या माणसाला. वर जाऊन दार आपटलं.

कॉटवर बसून पत्र पुन्हा उघडलं. सुधारते आहे, काळजी नसावी. आमच्या घरात कुणी मरायला टेकल्याशिवाय 'काळजी नसावी' कुणी लिहीत नाही. आजीच्या वेळी हॉस्टेलवर मला हेच शब्द आले होते, आणि मी पोचले ती दहाव्याला. मला माहीत होतं. पहिल्या फोनपासून माहीत होतं. ज्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं त्यानं ते पत्र वाचलं आणि मी तीनदा वाचून वाचलं नव्हतं.

पंधरा मिनिटांत खाली आले. आजोबा तिथेच बसले होते. मी त्यांच्यासमोरच फोन लावला. बऱ्याच वेळानं दादा आला. मी म्हटलं, "झोपलेत म्हणालास ना, तर तुझी शपथ आहे. खरं काय ते सांग." मग तो रडायलाच लागला. बाबांची उजवी बाजू गेली होती, वाचाही जवळजवळ गेली होती. डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितली होती. बाबांनीच डाव्या हातानं खूण केली होती, तिला कळवू नका म्हणून.

मी फोन ठेवला. आजोबांनी त्या मुक्कामाचं नाव सांगितलं आणि मी ते नकाशावर लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तसंच ठेवलं.

पुढचं सगळं भराभर झालं. गाइडला घरी फोन केला. तो म्हणाला, आधी का नाही सांगितलंस? परीक्षक दुसरा शोधू, तू नीघ. ज्या गोष्टीला मी डोंगराएवढी समजत होते ती दोन मिनिटांत कॅन्सल झाली. आणि नागपूरची ती मुलगी! तिला कुणी सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळी तिची खटारा गाडी दारात. तिकिटाचं तिनंच बघितलं. पाच तास ड्राइव्ह करून मला न्यूयॉर्कच्या विमानतळावर सोडलं. वाटेत म्हणाली, "तू भांडतेस छान, पण रडतेस फार वाईट." आजोबांनी सीटवर एक पिशवी ठेवली होती, ब्रेड आणि चीजची. दारात त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला. माफी मागायचं मला तेव्हा सुचलं नाही.

मी दहिवडीला पोचले तेव्हा बाबा बाहेरच्या खोलीत कॉटवर होते. केवढेसे झाले होते. मला वाटलं, ओळखत नाहीत. मग त्यांचा डावा डोळा भरला. ओठ हलले, बऱ्याच खटपटीनं शब्द आले. "आलीस. बरं झालं."

मला अकरा दिवस मिळाले. मी त्यांना पेज भरवली, दाढी केली, पायाला तेल लावलं. नकाशाची प्रत बरोबर आणली होती, ती त्यांच्यापुढे धरली. आयुष्यभर नकाशे पाहिलेला माणूस तो, एकेक मुक्काम डाव्या हाताच्या बोटानं पुढे सरकत गेला. कुत्र्याशी आल्यावर मी लिहिलेलं वाचून दाखवलं, तर तोंडाची धड बाजू हसली. बाराव्या दिवशी सकाळी माझा हात त्यांच्या हातात असताना ते गेले. नंतर आईनं विचारलं, "आम्ही तर कळवलं नव्हतं, तुला कळलं कसं?" मी म्हटलं, "इटलीच्या एका धनगरानं सांगितलं." आई रडत होती, तरी माझ्याकडे बघतच राहिली.

डिफेन्स पुढे शरदात झाला. पास झाले, नोकरी लागली, सगळं झालं. पण आयुष्यात कुणाचे उपकार आठवायचे म्हटलं की मला आधी ते अकरा दिवस आठवतात. ते मला कुणी दिले हे मी एक दिवसही विसरलेले नाही.

महिन्याभरानं परत आले तेव्हा आजोबा पोर्चच्या पायरीवर बसले होते. मी बॅग खाली ठेवली आणि आधी म्हटलं, "मी तुम्हाला फार वाईट बोलले. माफ करा." त्यांनी ते हातानंच उडवून लावलं.

"होते?" त्यांनी विचारलं.

"होते. अकरा दिवस होते."

"तुला ओळखलं?"

"ओळखलं."

"काही बोलले?"

मी सांगितलं. इंग्रजीत सांगितलं तर ते म्हणाले, नाही, त्यांनी सांगितलं तसं सांग, तुमच्या भाषेत. मी म्हटलं, "आलीस. बरं झालं." आजोबांनी डोकीवरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हमसून हमसून रडायला लागले. मी शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला.

"त्या विहिरीजवळ परत गेलो, तेव्हा मला एवढंच ऐकायचं होतं," ते म्हणाले. "परत म्हण."

मी परत म्हटलं.